जुलै संपायच्या आत: पीक विमा भरावा की नाही, हे कसं ठरवायचं

लातूर जिल्ह्यात, औसा तालुक्यातल्या एका गावात माझं सेवा केंद्र आहे. सातबारा, उत्पन्नाचे दाखले, रेशनची केवायसी हे वर्षभर चालूच असतं. जुलै मात्र सगळा विम्याचा. त्या महिन्यात समोरच्या बाकावर बसणारा जवळजवळ प्रत्येकजण विचारतो, "ताई, औंदा भरावं का नाही?" आणि मी तोंड उघडायच्या आत शेजारचे तात्या निकाल देऊन मोकळे होतात, "मागल्या साली कुठं काय आलं?"

या प्रश्नाचं उत्तर माझ्या बाकावर बसून मिळत नाही. ते तुमच्या रानात आणि तुमच्या महसूल मंडळाच्या, म्हणजे आसपासच्या काही गावांच्या गटाच्या, आकड्यांत असतं. तिथून ते कसं काढायचं, तेवढंच इथे लिहिते.

आधी माझा स्वार्थ सांगून टाकते. एका विमा अर्जामागे सेवा केंद्राला कंपनीकडून ४० रुपये मिळतात. तुम्ही भरलं तर माझं चार पैशांचं काम होतं, नाही भरलं तर होत नाही. माझं म्हणणं या हिशेबानेच ऐका. आणि हे पैसे कंपनी देते, त्यामुळे 'फॉर्म भरायचे' म्हणून कुणी तुमच्याकडून वरचे शंभर-दीडशे मागत असेल तर देऊ नका. सातबारा काढला, झेरॉक्स काढली, तर तेवढ्याचेच पैसे.

मागल्या साली आलं का?

विमा भरण्यामागे किंवा न भरण्यामागे सगळ्यात मोठा हात याच प्रश्नाचा असतो. २०२३ चा ऑगस्ट आठवा. १९०१ पासूनच्या नोंदींत देशातला सगळ्यात कोरडा ऑगस्ट तो. फुलात आलेल्या सोयाबीनने माना टाकल्या. तेव्हाच्या नियमांत पावसाचा मोठा खंड पडला की हंगाम चालू असतानाच २५ टक्के आगाऊ भरपाई द्यायची सोय होती, आपल्याकडे तिला सगळे 'अग्रिम' म्हणतात. ज्या गावात अग्रिम जमा झाला, त्या गावात पुढच्या जुलैत कुणाला विम्याचं महत्त्व पटवून द्यावं लागलं नाही. शेजारच्या मंडळात तो आला नाही, तर तिथली माणसं पुढच्या वर्षी तोंड फिरवून बसली. मधे फक्त एक ओढा.

मागच्या वर्षी भरपाई आली म्हणून यंदाही येईल, असं काही नसतं. आली नाही म्हणून यंदा येणार नाही, असंही नसतं. पाऊस कुणाची बाकी लक्षात ठेवत नाही. विमा ही पोस्टातली आरडी नव्हे, की चार वर्षं भरलं आणि पाचव्या वर्षी व्याजासकट हातात आलं.

पण तात्यांचा प्रश्न अगदीच टाकाऊ नाही. भरपाई येण्यातून पावसाबद्दल काही कळत नसलं, तरी व्यवस्थेबद्दल कळतं. मंडळाचे आकडे वेळेत वर गेले का, कंपनीने पैसे दिले का, आधारशी जोडलेल्या खात्यात ते नीट उतरले का. म्हणून प्रश्न थोडा बदलून विचारा: मागल्या साली आपल्या मंडळाचं उत्पन्न खरोखर घसरलं होतं का, आणि घसरलं असेल तर पैसे आले का? घसरलं नव्हतं आणि पैसे आले नाहीत, तर त्यात फसवणूक काही नाही. घसरलं होतं आणि तरीही आले नाहीत, तर पैसे कुठे अडले ते शोधा. योजनेच्या १४४४७ या क्रमांकावर अर्ज क्रमांक सांगून विचारता येतं. हा फरक न करता सगळं गाव एकाच सुरात 'कंपन्या लुटतात' म्हणतं, तेव्हा खरी तक्रार असलेला माणूस त्या गोंगाटात बुडतो.

एक रुपयाचा काळ विसरा

२०१६ च्या खरिपात पंतप्रधान पीक विमा योजना आली तेव्हा शेतकऱ्याचा हिस्सा ठरला: खरिपाला विमा रकमेच्या जास्तीत जास्त २ टक्के, रब्बीला दीड टक्का, नगदी आणि फळपिकांना ५ टक्के. बाकीचा हप्ता केंद्र आणि राज्य भरतात. २०२३ च्या खरिपापासून राज्याने शेतकऱ्याचा हिस्साही स्वतःकडे घेतला आणि आपल्याला फक्त १ रुपया ठेवला. २०२२ च्या खरिपात राज्यात शहाण्णव लाखांच्या आसपास अर्ज होते, ते २०२३ ला एक कोटी सत्तर लाखांवर गेले. केंद्रासमोर रात्री अकरापर्यंत रांग असायची, सर्व्हर बसला की माणसं चटया टाकून तिथेच झोपायची.

त्या गर्दीला मागणी म्हणावं का? मला नाही वाटत. एक रुपया देणाऱ्याने पावतीही जपून ठेवली नाही. कोणतं पीक, किती क्षेत्र, कशासाठी संरक्षण, काही विचारलं नाही. सरकारी जमिनींवर, देवस्थानच्या जमिनींवर, न पेरलेल्या रानांवर अर्ज निघाले, लाखोंनी अर्ज बाद झाले आणि आमच्याच धंद्यातल्या काही केंद्रचालकांवर कारवाई झाली. फुकटाच्या जवळ नेलेल्या गोष्टीला माणूस नाही म्हणत नाही, एवढंच त्यातून कळलं.

२०२५ च्या खरिपापासून राज्याने पुन्हा २ टक्के, दीड टक्का, ५ टक्के केलं. अर्ज धाडकन उतरले. पण बाकावर बसून पहिल्यांदाच लोक 'यात नेमकं काय मिळतं?' असं विचारायला लागले. खिशातून हजार रुपये जायला लागले की माणूस वाचतो.

आणि वाचायला हवंच होतं, कारण त्याच वर्षी दुसरा बदल झाला. पूर्वी पेरणीच होऊ शकली नाही तर, हंगामाच्या मध्यात संकट आलं तर, गारपीट-ढगफुटीसारखं तुमच्यापुरतं नुकसान झालं तर आणि काढणीनंतर रानात रचलेली बनीम भिजली तर, अशा चार वाटांनी वेगळी भरपाई मिळायची. शेवटच्या दोन्हींना ७२ तासांत कळवायचं, एवढं सगळ्यांना पाठ झालं होतं. २०२५ च्या खरिपाला राज्याने या चारही वाटा वगळल्या आणि फक्त पीक कापणी प्रयोगातून निघणाऱ्या मंडळाच्या उत्पन्नावर भरपाई ठेवली. हे नियम हंगामागणिक बदलतात. म्हणून पहिलं काम हे करा: त्या हंगामाचा शासन निर्णय निघाला की 'जोखमीच्या बाबी' हे कलम कुणाकडून तरी वाचून घ्या. कृषी सहाय्यक, केंद्रचालक, घरातला शिकणारा पोरगा, कुणीही चालेल. मागच्या वर्षीच्या आठवणीवर हप्ता भरू नका.

मंडळाचा हिशेब

इथे थोडा वेळ द्या. कागद-पेन्सिल घ्या.

भरपाई तुमच्या रानावर ठरत नाही, ती महसूल मंडळावर ठरते. मंडळातल्या काही निवडलेल्या रानांत पीक कापून मोजतात, त्यावरून मंडळाचं सरासरी उत्पन्न निघतं. काही पिकांना उपग्रहावरून काढलेला अंदाजही त्यात मिसळतात. हे सरासरी उत्पन्न 'उंबरठा उत्पन्ना'शी ताडून बघतात. गेल्या सात वर्षांतली चांगली पाच वर्षं घ्यायची, त्यांची सरासरी काढायची आणि तिच्या ७० टक्के धरायचे. आपल्या राज्यात जोखीमस्तर ७० टक्के आहे. हा झाला उंबरठा.

समजा, मंडळाची सोयाबीनची चांगल्या पाच वर्षांची सरासरी हेक्टरी १,५०० किलो आहे, म्हणजे एकरी सहा क्विंटल. तिच्या ७० टक्के म्हणजे १,०५० किलो, एकरी सव्वाचार क्विंटलच्या आत-बाहेर. विमा रक्कम हेक्टरी ५०,००० रुपये धरा. खरा आकडा जिल्ह्याजिल्ह्यात वेगळा असतो. तुमचा हप्ता २ टक्क्यांनी १,००० रुपये.

यंदा मंडळाची सरासरी ८४० किलो आली. उंबरठ्यापेक्षा २१० किलो कमी. २१० भागिले १,०५० म्हणजे २० टक्के. ५०,००० चे २० टक्के, १०,००० रुपये हेक्टरी.

आता दुसरी बाजू. मंडळाची सरासरी १,१०० किलो आली आणि तुमच्या रानात फक्त ३०० किलो पिकलं. भरपाई शून्य. उलटंही होतं: मंडळ ८४० वर आलं आणि तुमचं भारी रान असल्यामुळे तुम्हाला १,६०० किलो झालं, तरी १०,००० रुपये तुम्हालाही.

या हिशेबातून दोन गोष्टी मनाशी पक्क्या करा. एक, चांगल्या वर्षाच्या मानाने मंडळाचं पीक तीस टक्क्यांपर्यंत घटलं तर ते सगळं आपल्याच अंगावर. विमा त्याच्या खाली सुरू होतो. दोन, भाव पडला तर विमा काही देत नाही. २०२५-२६ ला सोयाबीनचा हमीभाव ५,३२८ रुपये होता. आडतीवर त्यापेक्षा कितीही कमी मिळाले तरी त्याचा विम्याशी संबंध नाही. दरवर्षी कुणीतरी काका पट्टी घेऊन येतात आणि विचारतात, "एवढा भाव पडला, विमा येईल ना?" नाही येत, काका.

मंडळाचंच उत्पन्न का, माझ्या रानाचं का नाही, असा राग प्रत्येकाला येतो. त्यामागे जुना विचार आहे. १९७२ मध्ये गुजरातेत एच-४ कापसासाठी एकेका शेतकऱ्याचं नुकसान मोजून विमा द्यायचा प्रयोग झाला. तो परवडण्यासारखा नव्हता: लाखो रानं कुणी मोजायची, आणि नुकसान पावसाने झालं की मशागत न केल्याने, हे ठरवायचं कुणी? १९७० च्या दशकात पुण्याच्या गोखले संस्थेतले अर्थतज्ज्ञ वि. म. दांडेकर यांनी क्षेत्र हा घटक धरावा, असा आग्रह धरला, आणि १९८५ च्या व्यापक योजनेपासून देशभर तीच पद्धत आली. मंडळ ही त्याच विचाराची आजची मोजपट्टी. माझा राग पद्धतीवर नाही. मंडळ मोठं असतं, त्यात पठारही येतं आणि नदीकाठही, त्याचा आहे.

तुमचं रान मंडळाच्या चालीने चालतं का?

भरावं की नाही, याचा खरा निकाल इथे लागतो, आणि हाच प्रश्न बाकावर कुणी विचारत नाही.

गेली सहा-सात वर्षं आठवा. आडतीच्या पट्ट्या ठेवल्या असतील तर उत्तम, नसतील तर 'त्या वर्षी किती कट्टे झाले' हे घरातल्या बायकांना विचारा. कट्टे शिवताना, मोजताना त्याच असतात. एका रकान्यात आपलं एकरी उत्पन्न लिहा. तालुका कृषी अधिकारी कार्यालयात जाऊन आपल्या मंडळाचं सोयाबीनचं, तुरीचं सरासरी आणि उंबरठा उत्पन्न मागा, ते दुसऱ्या रकान्यात लिहा. पहिल्या फेरीत मिळालं नाही तर कृषी सहाय्यकाला गाठा. मग बघा: ज्या वर्षी तुमचं बुडालं, त्या वर्षी मंडळाचंही बुडालं होतं का?

मंडळात बहुतेक कोरडवाहू सोयाबीन आहे आणि तुमचंही तसंच, मध्यम जमिनीचं रान आहे, तर दोन्ही रकाने बरोबरच वरखाली होतील. पाऊस दीड महिना गायब झाला की सगळ्यांचंच जातं. अशांनी हप्ता भरण्यात अर्थ आहे, आणि मी त्यांना तसं स्पष्ट सांगते. मुरमाड, हलक्या जमिनीवाल्यांनी तर नक्कीच. पावसाचा ताण त्यांना आधी लागतो आणि मंडळ उंबरठ्याखाली जाईपर्यंत त्यांचं पार गेलेलं असतं, तेव्हा निदान काही हाती लागेल.

तेरणेच्या काठावरच्यांची गोष्ट वेगळी. पूर आला की त्यांचं रान खरवडून जातं, पठारावरच्यांचं मात्र त्याच पावसाने चांगलं येतं. मंडळाची सरासरी वरच राहते. गारपीट तशीच, एका पट्ट्यात पडते आणि शेजारच्या शिवारात थेंबही नसतो. फक्त मंडळाच्या उत्पन्नावर भरपाई असेल, तर या लोकांचं सगळ्यात मोठं भय त्या विम्यात येतच नाही. स्थानिक आपत्तीची वाट त्या हंगामात चालू असेल तर त्यांनी पहिल्या दिवशी भरावं. बंद असेल तर हप्त्याच्या पैशात बांध आणि चारी दुरुस्त केलेली बरी, असं माझं मत. कुणाला ते पटत नाही. नदीकाठचे एक मामा म्हणतात, "मनाला धीर म्हणून भरतो." बरं, भरा.

विहीर-बोअर असलेल्यांचं उत्तर मधलं आहे. दुष्काळात त्यांना संरक्षित पाणी देता येतं, तेव्हा मंडळाला भरपाई आली तर त्यांना ती वरकड मिळते. पण त्यांचं नुकसान बहुधा अतिपावसात होतं. उसाला आपल्याकडच्या अधिसूचित पिकांच्या यादीत जागा नाही, त्यामुळे मांजरा पट्ट्यातला ऊसवाला विम्याच्या रांगेत क्वचित दिसतो. आंबा, डाळिंब, द्राक्ष, संत्रा यांची फळपीक योजना निराळी: तिथे मंडळातल्या हवामान केंद्राच्या तापमान-पावसाच्या नोंदींवर भरपाई ठरते. तिच्यावर वेगळंच लिहावं लागेल.

सगळ्या पिकांना भरलंच पाहिजे असंही नाही. पीकनिहाय अर्ज करता येतो. सोयाबीन मंडळाबरोबर चालतं पण मूग चालत नाही, तर सोयाबीनला भरा, मूग सोडा.

पैसा कुठून आणायचा

खरिपाच्या विम्याची मुदत सहसा ३१ जुलै. जूनमध्ये बी-खत झालं, पोरांच्या वह्या-पुस्तकं झाली, दुबार पेरणी लागली तर होतं-नव्हतं तेही गेलं. घरात पैसा नसण्याचा महिना तोच आणि विमा मागायचा महिनाही तोच. कितीतरी माणसं 'विश्वास नाही' म्हणतात तेव्हा खरं कारण एवढंच असतं की खिशात हजार रुपये नाहीत; बाकावर चारचौघांत तसं सांगणार कोण?

परभणीच्या कृषी विद्यापीठात शिकणाऱ्या माझ्या भाच्याने एका अभ्यासाबद्दल सांगितलं. केनियात ऊस उत्पादकांना विमा देऊ केला. हप्ता आधी मागितला तेव्हा शंभरातल्या पाच जणांनी घेतला. तोच हप्ता तोडणीनंतर उसाच्या बिलातून कापू, असं म्हटल्यावर बहात्तर जणांनी घेतला. विमा तोच, शेतकरी तसलेच. आपल्याकडे अशी सोय अजून नाही, तेव्हा आपणच करायची: मार्च-एप्रिलात हरभऱ्याची पट्टी आली की त्यातून हेक्टरी हजार-बाराशे बाजूला काढा. घरातली बाई बचत गटात असेल तर तिच्या हाती द्या. ते जुलैपर्यंत टिकतील याची खात्री मी माझ्या गावापुरती देते.

बँकेचं कर्ज असेल तर

पीक कर्जदारांना २०२० च्या खरिपापासून विमा ऐच्छिक आहे. पण 'नको' हे तुम्हाला लिहून द्यावं लागतं, मुदतीच्या निदान सात दिवस आधी. दिलं नाही तर बँक हप्ता कापून घेते. दोन्ही बाजूंनी गोंधळ होतो. काहींना वाटतं बँकेने कापलाच असेल, आणि कापलेला नसतो. काहींचा बँकेने कापलेला असतो आणि ते माझ्याकडे येऊन त्याच गटावर पुन्हा भरतात. एका क्षेत्रावर दोनदा विमा मिळत नाही. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात बँकेत जा, पासबुकावर नोंद घालून आणा, आणि कोणतं पीक टाकलंय ते विचारा. रानात सोयाबीन आणि बँकेच्या कागदावर दुसरंच पीक, असंही घडतं.

सरकार देतंयच की

२०२५ च्या सप्टेंबरमध्ये मराठवाड्यात पाणीच पाणी झालं. ऑक्टोबरमध्ये राज्याने ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं; कोरडवाहूला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकांना २२,५००, शिवाय रब्बीच्या बियाण्याला वगैरे हेक्टरी १०,०००. तेव्हापासून बाकावर नवा मुद्दा आला, 'एवढं मोठं संकट आलं की सरकार देतंच, मग हप्ता कशाला?'

मुद्दा चुकीचा नाही. मोठ्या पुरात मदत मिळते, विमा असो वा नसो. मात्र मदतीला क्षेत्राची मर्यादा असते, पंचनाम्यात नाव लागतं आणि किती द्यायचं ते त्या-त्या वेळी ठरतं. शिवाय टीव्हीवर दिसणाऱ्या संकटाला मदत लवकर जाहीर होते. हळूहळू सुकत गेलेल्या पिकाचं चित्र कुणी दाखवत नाही. नदीकाठच्यांनी पॅकेजच्या आशेवर राहणं मी समजू शकते. कोरडवाहूवाल्यांनी राहू नये.

बटाईने करत असाल तर

तुम्ही रान दुसऱ्याचं करता, बी-खत तुमचं, नुकसानही तुमचं. पण विमा तुमच्या नावे हवा तर नोंदणीकृत भाडेकरार लागतो, आणि मालक तो करून देत नाही. 'कूळ लागेल' ही भीती पिढ्यान्‌पिढ्यांची. मग विमा मालकाच्या नावे निघतो आणि पैसा आला तर त्याच्याच खात्यात. हप्ता कुणी भरायचा, भरपाई आली तर कशी वाटायची, हे पेरणीआधीच दोन माणसांसमोर बोलून घ्या. विम्याची सगळ्यात जास्त गरज असलेल्या माणसाला ही योजना दारात उभी करत नाही, हे मला दरवर्षी खटकतं. आणि माझ्या हातात तिथे काही नसतं.

ठरलं, भरायचं

शेतकरी ओळख क्रमांक, आधार, सातबारा आणि आठ-अ, बँक पासबुक, पेऱ्याचं स्वयंघोषणापत्र. आधार खात्याशी जोडलेलं आहे का, ते आधी बघा. भरपाई त्याच खात्यात जाते. सातबारावर आणि आधारवर नाव सारखं आहे का, तेही. शेवटच्या चार दिवसांत येऊ नका. मुदतवाढ कधी मिळते, कधी नाही.

अर्ज भरताना मॉनिटर तुमच्याकडे फिरवायला सांगा. गाव, मंडळ, गट क्रमांक, पीक, क्षेत्र ही पाच ठिकाणं स्वतः वाचा. पावती घ्या, मोबाइलवर फोटो काढून ठेवा.

मग ई-पीक पाहणी, म्हणजे रानात काय पेरलंय त्याची मोबाइलवरून सरकारी नोंद. ती करायचीच. २०२५ च्या नियमांत अर्जातलं पीक आणि पाहणीतलं पीक जुळलं नाही, तर पाहणी खरी धरून विमा रद्द, हप्ताही परत नाही. रानात उभं राहून फोटो घ्यावा लागतो, रेंज नसली तर बांधाबांधाने फिरावं लागतं. पोराला पाठवा, पण कोणत्या गटात काय पेरलंय ते त्याला लिहून द्या.

शेवटचं काम ऑक्टोबरचं, आणि ते जवळजवळ कुणीच करत नाही. ज्या आकड्यावर सगळ्या मंडळाची भरपाई ठरते, तो पीक कापणी प्रयोगातून निघतो. तुमच्या गावातला प्रयोग कोणत्या गटात, कोणत्या दिवशी आहे, हे कृषी सहाय्यक किंवा तलाठ्याला आधीच विचारून ठेवा. सरपंच, पोलीस पाटील यांनी तिथे असायला हवं, तुम्हीही जा. प्लॉटची जागा नेमून दिलेल्या पद्धतीने ठरते, रानाचा चांगला किंवा वाईट कोपरा बघून नाही. दोरी लावून माप घेतात, तेव्हा तेही बघा. कापलेलं तिथेच झोडून वजन करतात, ओलावा बघतात, मोबाइल ॲपवर फोटोसकट नोंद करतात. वजनाचा आकडा आपल्या वहीत लिहून घ्या. तिथे कंपनीचा माणूस असतो, सरकारचा माणूस असतो; पैसे भरलेला शेतकरी तेवढा नसतो.